उणे तापमानात गाडी कशी धुवायची: मीठ काढा, पाणी गोठू देऊ नका

टोरांटो, मिसिसागा, बफेलो, डेट्रॉइट, शिकागो या पट्ट्यात नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत रस्त्यावर मीठ पडत असतं. गाडी दोन दिवसांत पांढुरकी होते. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपसूक फडक्याकडे जातो, कारण तिकडे रोज सकाळी बादलीभर पाण्यात एकच फडकं बुचकळून गाडी पुसायची पद्धत आहे. इथे तसं केलं तर मिठाचे कण आणि वाळू रंगावर घासली जाते आणि उन्हात बघितलं की गोल गोल चरे दिसतात. दुसरीकडे बरेच जण थंडीला कंटाळून ‘आता एप्रिलमध्येच धुऊ’ म्हणतात, आणि तोवर मीठ पत्र्याच्या सांध्यांत मुरतं. हिवाळ्यातलं धुणं चकाकीसाठी नसतंच. मीठ काढायचं आणि मागे राहिलेलं पाणी गोठायच्या आत बाहेर काढायचं, एवढ्यासाठी ते असतं.

मीठ पत्र्याचं काय करतं

रस्त्यावर टाकतात ते मुख्यतः सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलंच मीठ, फक्त जाडं आणि न शुद्ध केलेलं. साधारण उणे १० अंशांपर्यंत ते बर्फ बऱ्यापैकी वितळवतं. त्याहून कडक थंडीसाठी त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. शिवाय हिमवादळाच्या आधी रस्त्यावर जे ओले समांतर पट्टे दिसतात, ते सुमारे २३ टक्के मिठाचं पाणी असतं. एवढ्या प्रमाणातलं मीठपाणी उणे २१ पर्यंत गोठत नाही, म्हणून ते निवडलेलं आहे. टायर हेच पाणी उचलून गाडीच्या पोटाशी फवारतात.

कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला जातो हे आपल्याला ठाऊक असतं. इथे तेच काम हवेची वाट न बघता थेट खालून होतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून स्वतःच विरघळतात. त्यामुळे गाडी वरून खडखडीत कोरडी दिसली तरी पत्र्याच्या घडीत ओल टिकून राहते आणि गंज आतल्या आत चालू राहतो.

अनेकांना पटत नाही, पण उबदार गॅरेजमध्ये ठेवलेली खारट गाडी बाहेर थंडीत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते. उणे १५ ला गंजण्याची क्रिया खूप मंदावते. गॅरेजमध्ये १० अंश असतील तर चाकांवरच्या कमानींत अडकलेला बर्फ वितळतो, खारं पाणी सांध्यांत उतरतं आणि रात्रभर काम करत राहतं. तेव्हा गॅरेज आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गॅरेजवाल्यांनी उलट जास्त नेमाने धुवायला हवं.

गंज धरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: चाकाच्या कमानीची आत वळलेली कड, दारांखालून जाणारी लांब सिल, दारांची आणि डिकीची खालची कड, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि इंजिन-सस्पेन्शन ज्यावर बसतं ती सबफ्रेम. कमानीच्या कडेला रंगाला बारीक फोड आला म्हणजे तिथला पत्रा आतून केव्हाच सडायला लागलेला असतो. धुताना पाण्याचा झोत याच जागांवर आधी गेला पाहिजे. बॉनेट राहिलं तरी बिघडत नाही.

दिवस आणि वेळ

हवामानाच्या ॲपमध्ये ‘जाणवणारं’ तापमान बघू नका, खरं तापमान बघा. वाऱ्यामुळे माणसाला उणे १२ वाटत असेल आणि हवा खरंच अधिक २ असेल तर पाणी सहसा गोठणार नाही. वारा ओली गाडी लवकर थंड करतो खरा, पण हवेच्या तापमानाच्या फार खाली नेत नाही.

बाहेर धुवायचं तर किमान ४-५ अंश हवेत, आणि तेही पुढचे तीन-चार तास टिकणारे. दुपारी १२ ते २ ही वेळ चांगली, म्हणजे अंधार पडून पारा उतरायच्या आत गाडी वाळते. शून्य ते ४ मध्ये स्वयंचलित वॉशला जायला हरकत नाही. शून्याच्या खाली, साधारण उणे ५-६ पर्यंत, वॉशमध्ये गरम हवेचा ब्लोअर असेल आणि नंतर गाडी चालवायची असेल तरच जा. त्याहून थंडी असेल तर थांबा. तेवढ्या थंडीत मीठही फारसं काही करत नसतं, त्यामुळे चार दिवस थांबल्याने नुकसान नाही.

रात्रभर उणे १५ ला उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा सकाळी ११ ला हवा अधिक २ झाली तरी गोठलेलाच असतो. त्यावर पाणी मारलं की ते जागच्या जागी बर्फ होतं. तासभर उन्हात उभी करा किंवा आदल्या रात्रीपासून गॅरेजमध्ये ठेवा, मगच पाणी लावा.

किती वेळा? मीठ पडत असेल त्या दिवसांत दर ७ ते १० दिवसांनी. पण कॅलेंडरपेक्षा रस्ता बघून ठरवणं बरं. वादळ येऊन गेलं, रस्ते कोरडे पांढरे झाले, की पहिल्या उबदार दिवशी धुवा. वादळाच्या आदल्या दिवशी धुण्यात अर्थ नाही. कॅल्गरीत चिनुक वारा सुटला की एका दिवसात पारा शून्याच्या वर चढतो, तो दिवस वाया घालवू नका. विनिपेगसारख्या ठिकाणी आठवडेच्या आठवडे असा दिवस येत नाही. तिथे बंदिस्त, गरम वॉश हाच मार्ग.

बाहेरचा वॉश: कुठला निवडायचा

ब्रशचा वॉश हिवाळ्यात टाळा. तुमच्या आधी गेलेल्या पन्नास गाड्यांची वाळू त्या ब्रशमध्ये असते. टचलेस वॉशमध्ये रंगाला काहीच टेकत नाही, फक्त रसायन आणि दाबाचं पाणी. त्याची किंमत वेगळी मोजावी लागते: हातांऐवजी रसायनाने मळ सोडवायचा असल्याने ते तीव्र असतं आणि मेण महिनाभरात उतरवतं. तरीही हिवाळ्यात हाच सौदा चांगला. पॅकेज निवडताना खालून पाणी मारणारा, ‘अंडरकॅरेज’ किंवा ‘अंडरबॉडी’ लिहिलेला पर्याय त्यात आहे ना, एवढंच बघा. वरच्या रंगीत फेसाला आणि सुगंधी मेणाला पैसे देऊ नका.

आत शिरण्याआधी पावसावर आपोआप चालणारे वायपर बंद करा, आरसे दुमडा, मागचा वायपर तपासा, ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय बंद करा. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंगचं झाकण लॉक करा. टेस्लामध्ये यासाठी ‘कार वॉश मोड’ आहे. तो काचा बंद करतो, वायपर थांबवतो आणि चार्जिंगचं झाकण लॉक करतो. खालचे फवारे सुरू झाले की, वॉश थांबू देत असेल तर, गाडी शक्य तितकी हळू पुढे न्या.

नाणी किंवा कार्ड टाकून स्वतः धुवायची बे, म्हणजे एका गाडीपुरता खण, मिळाली तर ती सगळ्यात उत्तम, कारण झोत कुठे मारायचा हे तुमच्या हातात असतं. क्रम असा ठेवा:

१. आधी चारही कमानी. चाक वळवून कमानीची आतली बाजू, वरची कड आणि मागचा कोपरा. प्रत्येक कमानीला निदान ३० सेकंद. खाली पडणारं पाणी करडं येतंय तोवर थांबायचं नाही.

२. मग दोन्ही बाजूंच्या सिल, मागचा-पुढचा बंपर खालून. नळी जमिनीलगत धरून झोत वर वळवा आणि पुढून मागे सरकत जा.

३. त्यानंतर साबण, खालून वर. दोन-तीन मिनिटं थांबा, पण फेस गोठायला लागेपर्यंत नाही.

४. शेवटी साधं पाणी वरून खाली, आणि बेमध्ये क्षारविरहित पाण्याची सोय असेल तर अखेरचा हात त्याचा. म्हणजे पुसायचं राहिलं तरी डाग उरत नाहीत.

झोत पत्र्यापासून ३० सेंटीमीटर लांब. पार्किंग सेन्सर, मागचा कॅमेरा, रेडिएटरची जाळी आणि सस्पेन्शनची रबरी बुटं यांच्याजवळ नेऊ नका. आधीच उडालेल्या रंगाच्या कडेवर जवळून झोत बसला तर उरलेला रंग पापुद्र्यासारखा सोलून निघतो. बॉनेट उघडून इंजिनवर पाणी हिवाळ्यात अजिबात नाही. आणि तिथे टांगलेला फेसाचा ब्रश हातात घेऊ नका; लोक त्याने टायरसुद्धा घासतात.

गॅरेजमध्ये, एका बादलीत

घराबाहेरचा नळ नोव्हेंबरमध्येच बंद केलेला असतो, आणि तो तसाच असू द्या. नळीत पाणी राहिलं तर पाइप फुटतो. पाण्याने धुऊन न काढता पुसायचं द्रावण, म्हणजे ‘रिन्सलेस’ वॉश, अशा वेळी कामी येतं. यातली रसायनं मळाच्या कणांभोवती आवरण करून त्यांना निसरडं बनवतात, त्यामुळे ते फडक्यात उचलले जातात आणि रंगावर घासत नाहीत. गॅरेजमध्ये ५ अंशांच्या वर तापमान असलं की पुरे.

साहित्य: एक बादली, ८ लिटर कोमट पाणी, त्यात ‘ऑप्टिमम नो रिन्स’ असेल तर ३० मिलिलीटर (१ भागाला साधारण २५६ भाग पाणी, दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिच्या बाटलीवरचं प्रमाण). जास्त ओतल्याने जास्त स्वच्छ होत नाही, रंगावर तेलकट पट्टे मात्र राहतात. दोन लिटरचा हातपंपाचा फवारा, त्यात तेच द्रावण. मायक्रोफायबरची ८ ते १० फडकी, साधारण ४० सेंटीमीटरची. वाळवण्यासाठी एक मोठा टॉवेल. हातात नायट्राइलचे मोजे, आत पातळ लोकरी मोजे घालता येतील असे एक माप मोठे.

सगळी फडकी बादलीत बुडवून ठेवा. एक पिळून दोनदा दुमडा: आता त्याला आठ बाजू झाल्या. एका भागावर, उदाहरणार्थ छताच्या अर्ध्यावर, फवारा मारा आणि दोन मिनिटं मुरू द्या. मग दाब न देता, फक्त फडक्याच्या वजनाने, सरळ रेषेत एक हात फिरवा. बाजू बदला, पुढचा हात. गोल गोल फिरवायचं नाही. आठ बाजू मळल्या की ते फडकं बाजूच्या टोपलीत टाका. वापरलेलं फडकं परत बादलीत घालायचं नाही, हा या पद्धतीचा प्राण आहे. एक भाग पुसला की लगेच वाळवा, मग पुढचा. क्रम: छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, डिकी, आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा तिसरा हिस्सा. चाकांची फडकी वेगळी, चटकन ओळखता येतील अशा निराळ्या रंगाची.

पुसताना बोटांना खरखर जाणवली तर तिथेच हात थांबवा. तिथे मीठ-वाळूचा थर आहे आणि तो पाण्यानेच काढायला हवा. खरं तर सगळ्यात चांगली जोडी अशी: आधी बाहेरच्या बेमध्ये जाऊन फक्त दाबाच्या पाण्याने मीठ उतरवायचं, आणि घरी येऊन गॅरेजमध्ये या पद्धतीने उरलेला राप काढायचा.

गॅरेजमध्ये काही गोष्टींची काळजी घ्यावीच लागते. दार बंद असताना इंजिन चालू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला मारतो. जमिनीवरचं पाणी फरशीच्या वायपरने गॅरेजमधल्या निचऱ्याच्या जाळीकडे ओढा. ते दाराखालून बाहेर वाहिलं तर दाराची रबरी पट्टी जमिनीला चिकटून गोठते, आणि सकाळी मोटर दार उचलताना ती फाटते. वाहत पदपथावर गेलं तर तिथे दिसत नाही असा काळा बर्फ तयार होतो. शिवाय रस्त्यावरच्या पावसाळी गटाराचं पाणी बहुतेक शहरांत प्रक्रिया न होता सरळ नदी-तळ्यात जातं, म्हणून अनेक नगरपालिकांनी साबणाचं पाणी त्यात सोडायला बंदी घातली आहे. कॉन्डोच्या तळघरात पार्किंग असेल तर आधी व्यवस्थापनाला विचारा. तिथे गाडी धुणं बऱ्याचदा नियमांत बसत नाही.

गरम पाणी

थंड काचेवर उकळतं किंवा कढत पाणी ओतू नका. उणे १० ची काच आणि ६० अंशांचं पाणी एकत्र आलं की काचेचा एक भाग झटक्यात प्रसरण पावतो, दुसरा नाही, आणि खडी लागून पडलेला बारीकसा टवकासुद्धा टोकापासून टोकापर्यंत तडकतो. पाणी हाताला कोमट लागेल एवढंच.

धुऊन झाल्यावरचा पाऊण तास

निम्म्या तक्रारी धुण्याच्या नसतात, न वाळवण्याच्या असतात. सकाळी दार उघडत नाही, आरसा अडकतो, ब्रेक धरून बसतो.

वॉशमधून बाहेर आलात की लगेच एखाद्या कडेला थांबा. चारही दारं आणि डिकी उघडा. दाराभोवतीची रबरी पट्टी आणि ती जिथे टेकते तो पत्रा, दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. बिजागऱ्यांच्या कोनात आणि दाराच्या तळाशी पाणी साचतं, तिथे फडक्याचं टोक घाला. पेट्रोलचं झाकण उघडून आतली खोबण पुसा. आरसे दोन-तीनदा दुमडून उघडा म्हणजे सांध्यातलं पाणी निघेल. काचा अर्ध्या खाली घेऊन पुसा, पुन्हा वर घ्या. दाराची कडी आत जाणारी असेल तर ती हाताने चार-पाच वेळा हलवा. वायपर उचलून पात्यांचं रबर पुसा.

मग गाडी १५-२० मिनिटं चालवा, हीटर काचेकडे आणि एसी चालू. एसी हवेतली ओल काढतो, हिवाळ्यातही. मोकळ्या रस्त्यावर हलका ब्रेक पुन्हा पुन्हा दाबा, म्हणजे डिस्क आणि पॅड गरम होऊन कोरडे होतील. घरी सपाट जागी फक्त ‘पी’मध्ये ठेवा. ओल्या गाडीला उणे तापमानात हँडब्रेक लावला तर तो रात्रीत गोठून चिकटू शकतो. गाडी आपोआप हँडब्रेक लावत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं का बघा. उतारावर मात्र हँडब्रेक लावावाच लागतो, म्हणून उतारावर ओली गाडी उभी करू नका.

दार गोठलंच तर कडी ओढत बसू नका. कडी तुटते किंवा रबरी पट्टी फाटून हातात येते. दारावर खांद्याने आत ढकला, चारी कडांना, बर्फ मोडतो. नाहीच तर दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक भाग पाणी यांचा फवारा फटीत मारा आणि मिनिटभर थांबा. काचेला चौकट नसलेल्या दारांत कडी ओढली की काच किंचित खाली जाते. ती गोठली असेल तर जोर लावल्यावर काच हलवणारी यंत्रणाच मोडते, त्यामुळे तिथे आधी काच मोकळी करा.

यावर कायमचा उपाय स्वस्त आहे: सिलिकॉनचा फवारा फडक्यावर घेऊन रबरी पट्ट्यांना पातळ हात द्या, दर ४ ते ६ आठवड्यांनी, पट्टी पूर्ण कोरडी असताना. पेट्रोलियमची तेलं लावू नका, त्यांनी हे रबर फुगतं.

पायपुसणी आणि गालिचा

बुटांबरोबर येणारं मीठही गाडीतच राहतं. कडा उंच असलेली रबरी पायपुसणी घ्या आणि त्यात साचलेलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता. नाहीतर तेच पाणी वाफ होऊन काचा आतून धूसर करतं. गालिच्यावर पांढरे डाग पडले असतील तर समान भाग पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी फवारा, पाच मिनिटं थांबा, आणि टॉवेल दाबून टिपा. घासलं तर मीठ आणखी खोल जातं. दोन-तीनदा करावं लागतं.

वॉशरच्या टाकीत साधं पाणी ठेवायची तिकडची सवय इथे चालत नाही. उणे ४० पर्यंतचं निळं द्रव भरा. त्यात सहसा मिथेनॉल असतं, म्हणून मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

थंडीच्या आधी आणि थंडी सरल्यावर

ऑक्टोबरमध्ये, १० अंशांच्या वर तापमान असताना, गाडी नीट धुऊन त्यावर सीलंटचा, म्हणजे रंग झाकणाऱ्या कृत्रिम लेपाचा, एक थर द्या. मेणापेक्षा सीलंट टचलेस वॉशच्या रसायनापुढे जास्त टिकतं. पाच-सात वर्षं गाडी ठेवायची असेल तर खालून तेलाचा फवारा मारून घ्या. लोकरीच्या चरबीपासून बनवलेलं ‘फ्लुइड फिल्म’सारखं द्रव घरीही मारता येतं. एकदा मारून भागत नाही, दरवर्षी लागतं. पत्र्यावर रबरासारखा घट्ट थर बसवणाऱ्या लेपापासून मात्र जपून: त्याला तडा गेला की मीठपाणी आत शिरतं आणि बाहेरून दिसतही नाही.

एप्रिलमध्ये रात्रीचं तापमान शून्याच्या वर स्थिरावलं की बागेला पाणी देणारा स्प्रिंकलर गाडीखाली हिरवळीवर किंवा खडीवर ठेवा आणि २०-३० मिनिटं सुरू ठेवा. मध्ये दोन-तीनदा जागा बदला. झोताचा दाब कमी असला तरी पाणी भरपूर आणि सावकाश मुरतं, त्यामुळे घड्यांमध्ये बसलेलं मीठ विरघळून उतरतं. दाराच्या खालच्या कडेला आणि सिलच्या खाली पाणी निघायची बारीक भोकं असतात; ती हिवाळ्यात चिखलाने बुजतात. प्लॅस्टिकच्या केबल-टायचं टोक घालून ती मोकळी करा. हिवाळी टायर काढायला गाडी उचललेली असेल तेव्हा चाक निघालेलं असताना कमानीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. तिथे ओल्या मातीची जी लगदा झालेली पट्टी हाताला लागते, ती खरवडून आणि पाणी मारून काढा, आणि रंगाचा फोड दिसला तर त्याच आठवड्यात घासून प्रायमर लावा.